ये गे, भात निवतो

३ फेब्रुवारी १९९८

दारात रांगोळीचं कोलम घातलं, हात धुतले, दोशाचं पीठ ढवळलं, विहिरीवरून दोन घागरी आणल्या — आणि दारात आले तर ओट्यावर टेपचं यंत्र मांडलेलं. दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ आज पुन्हा आठवली.

डायरेक्टर प्रतापसिंह मुंबईहून आमच्या तंजावूरच्या राजवाड्यावर सिनेमा करायला आले होते. त्यात एक म्हातारा बायकोला जेवायला हाक मारतो. तोंड नटाचं, आवाज ह्यांचा, असं ठरलं. ह्यांनी पोस्टात चाळीस वर्षं काढली, नाटकात कधी उभे राहिले नाहीत. रोज मारायचे तशीच हाक मारली — "ये गे, भात निवतो." मी आल्याशिवाय पहिला घास घेत नसत.

डायरेक्टर डोळे मिटून ऐकत होते. "हा खरा तंजावूरचा आवाज!" म्हणाले.

चार महिन्यांनी हे गेले. फोटो तीन आहेत. आवाज तेवढा त्या सिनेमातच. आज निमंत्रण आलं. रविवारी वाचनालयाच्या सभागृहात दाखवणार. डायरेक्टर स्वतः येणार.

५ फेब्रुवारी

भांडी घासताना हाक आठवून पाहिली. शब्द येतात, आवाज येत नाही. गायत्रीला सांगितलं नाही. मुलीनं उगाच काळजी करायची.

६ फेब्रुवारी

पुण्याहून येणाऱ्या मासिकात डायरेक्टरांची मुलाखत. देवनागरी मी लग्नानंतर पंचांगावरून एकटीच शिकले, अजून बोट ठेवून वाचते. वेळ लागला. गर्दी खेचणाऱ्या सिनेमांवर सगळा राग. प्रेक्षक काय म्हणतील या भीतीनं ते लोक खरं बोलत नाहीत, म्हणे. आपण अकरा वर्षांत थिएटरची पायरी चढलो नाही, हेही अभिमानानं सांगितलंय. मग ते सिनेमे पाहिले कुठे?

८ फेब्रुवारी

आधी डायरेक्टरांचं भाषण. बसस्टँडजवळच्या टॉकीजमध्ये शंभर दिवस चाललेल्या तमिळ सिनेमावर घसरले. "त्या गोंगाटात माणसाचा आवाज ऐकू येत नाही!" मग आमच्याकडे बघून विचारलं, "तंजावूरमध्ये मराठी बोलणारं कुणी उरलंय का?"

सभागृहात आम्ही साठजण, सगळे घरी मराठीच बोलणारे. मागून शेजारचे कृष्णस्वामी म्हणाले, "नाही हो. आम्ही पंख्याखाली बसायला आलोय." सगळे हसले. मीही हसले.

मग सिनेमा. बऱ्याच वेळानं म्हातारा ताटावर बसला. मी गायत्रीचा हात धरला. त्यानं तोंड उघडलं —

"ये गं, भात निवतोय."

भलत्याच कुणाचा आवाज. गुळगुळीत.

संपल्यावर मी डायरेक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. ह्यांचा आवाज कुठे गेला, विचारलं. त्यांना आधी आठवेना, मग आठवलं.

"तो 'गे' होता ना, बाई. इंग्रजीत त्याचा भलताच अर्थ होतो. मुंबईचे लोक हसले असते."

"मग ती टेप तरी द्या मला."

"टेप? टेप आम्ही परत वापरतो. तिच्यावर मिरवणुकीचा आवाज घेतला नंतर."

त्यांनी नमस्कार केला. मीही केला.

रिक्षात गायत्री म्हणाली, "अम्मा, काहीतरी बोल गे."



९ फेब्रुवारी

दुपारी एकटीच बसस्टँडजवळच्या टॉकीजला गेले. गाणं लागलं तशा शिट्ट्या, पाय आपटणं, पडद्यावर कागदाचे तुकडे. तेव्हा मी होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं — ये गे, भात निवतो. तीनदा म्हटलं. शेजारची बाई वळलीसुद्धा नाही.

डायरेक्टर म्हणाले ते खरं आहे. तिथे माणसाचा आवाज ऐकू येत नाही.