तळघरातला घास

चि. बनूस, दादाचे पोटभर आशीर्वाद.

मी धडधाकट आहे, काळजी करू नकोस. फोनवर बोललं की घरात सुहासला सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र. दाजींचा गुडघा कसा आहे? तुझी मागच्या दारची चूल पेटते ना अजून?

इथं कॅनडात स्वयंपाकाला जाळ नाही, नुसती तापणारी काच. घरातला विस्तव एकच, तळघरातल्या गॅसच्या भट्टीत. तिच्यावरच घर ऊबदार राहतं. रिकाम्या हातांना भाकर गोड लागत नाही, म्हणून रोज सकाळी मी ती बघायचो. बारीक ज्योत तेवतेय ना, बर्नरचा जाळ निळा आणि सरळ आहे ना. पिवळा फडफडला की सुहासला सांगायचं.

परवा तुझ्या वहिनीचं वर्षश्राद्ध होतं. घरात कुणाच्या ध्यानात नव्हतं. ती पहिला घास चुलीला द्यायची, म्हणून मी भट्टीचं झाकण काढून ब्रेडचा तुकडा तुपात बुडवून त्या जाळावर ठेवला. जाळ पिवळा झाला, धूर वर गेला. मीच सुहासला हाक मारली.

"आप्पा, घर पेटवता का? ही काय चूल आहे?" सुहास सुनेसमोर ओरडला.

"तुझ्या आईचा घास होता रे," मी म्हटलं.

भट्टीच्या मिस्त्रीला फोन लावता लावता म्हणाला, "नंतर बोलू."

अजून बोललेला नाही. तळघराला मात्र कुलूप लागलं. चूक माझीच, पण पोटच्या पोरानं एवढंही ऐकू नये?

पत्र मिळेल त्या दिवशी पहिल्या भाकरीचा तुकडा तुझ्या चुलीत टाक. वहिनीला सांग, दादाला तिकडं जाळ उरला नाही.

तुझाच,
गहिनीदादा