भिंत झाली की मैथिली राहील

२० एप्रिल, सकाळ
ठरलं. घराचं बाहेरचं सगळं काढायचं.
घर लाकडी सांगाड्याचं. त्यावर फोम, आणि फोमवर गिलाव्यासारखा दिसणारा लेप. इथे आखातात, उम्म अल कुवैनच्या खाडीची दमट हवा त्या लेपाच्या आत शिरते आणि मुक्काम ठोकते. मैथिलीच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी. पोरगी खोकते. आता लेप काढून सिमेंटच्या पट्ट्यांचं साइडिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, करणार. पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये हवेला वाट.
मैथिलीला बारावीनंतर पुण्याला जायचंय. हॉस्टेलवर राहीन म्हणते. खोलीच अशी असेल तर कोणाला घरी राहावंसं वाटेल? खोली झाली की शारजाच्या युनिव्हर्सिटीचा विषय काढायचा. आधी अजिबात नाही.

२३ एप्रिल
दत्ताराम बघून गेला. कॉन्ट्रॅक्टरचा फोरमन, मूळचा लांज्याचा. म्हणाला, वहिनी, आधी पट्ट्या येऊ द्या, मग एकेक भिंत उघडू. करड्या पट्ट्या गोदामात पडल्यात, उद्या आणतो.
करड्या! मैथिलीला पिस्ता रंग आवडतो. सातवीत असताना म्हणाली होती. पिस्ताच मागवायला सांगितलं. बाहेरदेशातून येणार. कधी, विचारलं. म्हणाला, इन्शाल्ला. मी पंधरा दिवस धरले.

२९ एप्रिल
उद्या अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला एक. दत्तारामला म्हटलं, उद्याच सुरू करायचं, आणि चारही भिंती. एकीला मुहूर्त आणि तिघींना नाही, हे कसं चालेल? म्हणाला, वहिनी, पट्ट्या अजून बोटीत पण चढल्या नाहीत. मी म्हटलं, कोकणातल्या माणसाला मी मुहूर्त समजवायचा का? मग म्हणाला, नारळ आमचा की तुमचा?
राजन म्हणाला, अगं, ऐन उन्हाळ्यात उघडं घर घेऊन बसायचं का? नवऱ्याला प्लॅनिंग कधीच जमलं नाही.

३० एप्रिल
नारळ फुटला. चारही भिंती सोलून झाल्या. आतलं लाकूड बऱ्याच ठिकाणी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. बरं झालं, वेळेवर कळलं! संध्याकाळी सगळ्या घराला निळं प्लास्टिक गुंडाळलं, खिडक्यांसकट. पुढचं दारही त्याखाली गेलं. ये-जा किचनच्या दारातून. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

१४ मे
मैथिलीचा रिझल्ट उत्तम. बासुंदी केली. पट्ट्या नाहीत. घरात दिवसभर निळा उजेड, त्यात सगळेच आजारी दिसतो. बासुंदीसुद्धा.

२६ मे
एसी अखंड चालू, गारवा नाही. बाहेर पडावं तर भट्टी. मैथिली म्हणाली, आई, आय कान्ट ब्रीद इन हिअर. मी म्हटलं, एवढे दिवस काढलेस, अजून थोडे.
शारजाच्या युनिव्हर्सिटीचं ब्रोशर तिच्या उशीवर ठेवलं. विषय काढला नाही. नुसतं ठेवलं. संध्याकाळी ती त्याने वारा घेत होती. म्हणजे हातात तरी घेतलं.

१६ जून
पट्ट्या आल्या! पण आधी कुजलेलं लाकूड बदलायचं. आणि कालपासून भर दुपारी उन्हातलं काम बंद ठेवण्याचा नियम लागू. माणसं सावलीत बसतात, मी कोकम सरबत देते. दत्ताराम म्हणाला, वहिनी, असं सरबत असेल तर दिवाळीपर्यंत काम चालवू. हसले. मग रोज देणं बंद केलं.

२२ जून
मैथिली शारजाला अफशाकडे. वर्गातली मैत्रीण. आठवड्यासाठी म्हणून गेली, दुसरा आठवडा सुरू. राजन म्हणाला, पोरगी पळाली तुझ्या प्लास्टिकमधून. टोमणे मारायला बरा वेळ मिळतो. मला उलट आनंदच आहे. शारजाची सवय होतेय.

५ जुलै
पुण्याची ॲडमिशन झाली. बापलेकीने परस्पर, फोनवरून. मला का नाही विचारलं? राजन म्हणाला, तू शिडीवर होतीस. होते, पण कोणासाठी?
दत्तारामला सांगितलं, सगळी माणसं मैथिलीच्या खोलीला लावा. म्हणाला, वहिनी, ती माणसं मागच्या बाजूला अडकलीत, तुम्हीच चारही बाजू एकदम उघडल्यात. मी म्हटलं, यल्ला, फिरवा इकडे. हबीबी पण म्हटलं. बिचारा लाजला.
ॲडमिशन रद्द करता येते. चौकशी करून ठेवली.

१८ जुलै
तिच्या खोलीच्या भिंतीला पट्ट्या लागल्या. ती बॅग भरायला आली, तशी हाताला धरून बाहेर नेली. भिंतीकडे बघून म्हणाली, नाइस, आई. मग म्हणाली, बट व्हाय ग्रीन? मी म्हटलं, पिस्ता आहे, तुला आवडतो. म्हणाली, डू आय?
मग तिने मला मिठी मारली. दोघी घामाने निथळत होतो. वाटलं, हीच वेळ, आता विषय काढावा. तर तिनेच काढला. म्हणाली, आई, मी खोलीमुळे जात नाहीये.
हे मराठीत म्हणाली.
मी म्हटलं, हो गं, माहितीये मला.
माहीत नव्हतं.

२ ऑगस्ट
तिला विमानात बसवून आलो. दत्ताराम प्लास्टिकचा शेवटचा तुकडा काढत होता. म्हणाला, वहिनी, एक नंबर झालंय, दुसऱ्या पार्टीला दाखवायला फोटो काढू का? काढा म्हटलं. त्याने मला पण उभं केलं भिंतीजवळ.
तिच्या खोलीत गेले. खिडकी उघडली. तोंडावर गरम वाफ आली, लगेच लावून घेतली. एसी लावला. खोली बघता बघता गार. इतकी गार की तिची चादर अंगावर ओढून पडावं लागलं. बुरशीचा वास नाही. काम खरंच चांगलं झालंय.
राजन दारातून म्हणाला, काय करतेस?
म्हटलं, खोली चेक करतेय.