रॅम्प काढायचा नाही

प्रिय प्राची,

रागात लिहितेय, हे आधीच सांगते. राग उतरायची वाट पाहिली असती तर मी गुळमुळीत काहीतरी लिहिलं असतं.

खाडीकाठ हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं काम मी सोडलं, असं तुला सांगितलं गेलं असेल. सोडलं नाही गं, काढून घेतलं. जुनी इमारत सखल, पावसाळ्यात आवारात पाणी भरतं, म्हणून नवीचं जोतं मी तीन फूट उंच घेतलं. दोन्ही जोडायला आतून रॅम्प आखला. जनरल वॉर्डातला पेशंट स्ट्रेचरवरून थेट नव्या ऑपरेशन थिएटरात जावा, एवढीच इच्छा. पण रॅम्पने दोन डिलक्स खोल्या खाल्ल्या, आणि अध्यक्ष दिनानाथरावांना नेमक्या त्याच हव्यात. म्हणाले, जनरलवाल्यांना आवारातून फिरवून मागच्या दाराने आणा. पुढे डबे, पिशव्या आणि नातेवाइकांचा गोतावळा दिसला तर ऐरोलीची आयटीवाली मंडळी कशाला येतील?

मागचं दार म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या आईने मराठवाड्यात वेगळ्या पाणवठ्यावर पाणी भरलंय. मीटिंगमधलं ऐकून ती एवढंच म्हणाली, की बाई, आता दाराचंबी तसंच करायलेत का? मी तिथल्या तिथे नाही म्हणून आले होते, त्याचा मला अभिमान वाटला. अजून वाटतो.

कॉलेजात असताना रबाळ्याच्या वस्तीत सर्व्हे करताना तू भोवळ येऊन पडलीस, ते आठव. याच जनरल वॉर्डात होतीस. शेजारच्या खाटेवरच्या रंगूबाईंना भेटायला अख्खी भावकी यायची, आणि येणारा प्रत्येक जण जाताना तुझ्याही पायथ्याशी उभा राहून चौकशी करून जायचा. रंगूबाईंची सून तुला त्यांच्या डब्यातली पेज भरवायची. त्या डब्याची तुला तेव्हा लाज वाटली नव्हती.

परवा तू व्हॉट्सअ‍ॅपवर माझं ना हरकत पत्र मागितलंस. काम तुझ्याकडे आलंय, आणि आधीच्या आर्किटेक्टच्या पत्राशिवाय तुला ते हाती घेता येत नाही. ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे गं,’ असं लिहून पुढे हसरा चेहरा टाकलास. रॅम्प ठेवणार असशील तर सगळी ड्रॉइंग्ज घेऊन मी स्वतः येते, नाव खुशाल तुझं लाव. नसशील, तर माझी हरकत आहे, प्राची. ती या पत्राने कळवतेय, आणि याचीच एक प्रत आज दिनानाथरावांना पाठवली आहे.

अजून तरी तुझीच,
संघमित्रा