भावोजींचा कॉम्प्युटर

रविवार, संध्याकाळ. चामराजपेट.

अक्काने सकाळी भावोजींचा जुना कॉम्प्युटर आणला. ते गेल्यापासून कपाटातच होता. बॅटरी गळून बोर्डावर हिरवट गंज चढलेला, शेवाळासारखा. व्हिनेगरने पुसत बसलो. त्या हिरव्या रंगात दुपार कुठे विरघळली, कळलंच नाही. बोर्डावरच्या तुटलेल्या तांब्याच्या रेघा बारीक तारेने जोडल्या आणि टीव्हीला लावून चालू केला. पडदा निळा उजळला.

"त्यांनी लिहिलेलं काही असेल ना रे आत?"

"यात साठवायला डिस्कच नाही. बंद केलं की यातलं सगळं पुसलं जातं, अक्का."

हे आधीच का नाही सांगितलं मी?

मग एका बोटाने तिने भावोजींचं नाव टाइप केलं. तोंडाने ते कधी घेतलं नव्हतं तिने.

"सरी, बरं," म्हणाली, "आता बंद करू नकोस."

अजून चालूच आहे.