गेनूच्या ट्रंकेतले हाड

पासली, मार्च १९३४

जबलपूरकडच्या खोदकामावरील साहेबांस,
पासलीच्या शाळामास्तराचा नमस्कार.

गेनूच्या ट्रंकेतून चुकून आलेले दगडी हाड परत पाठवा, असे आपले पत्र मिळाले. गेनू गेला तो दरड कोसळून, आणि हाड कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अजस्र प्राण्याचे आहे, हेही कळले.

पत्र वाचून दाखवायला मी त्याच्या आईकडे, बाळाबाईंकडे गेलो. हाडाला शेंदूर फासलेला होता. शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या, "मास्तर, बगा की, केवढं हाड! राक्षसाला मारताना गेला आमचा गेनू."

बाळाबाईंनी विचारले, "सायबानं काय लिवलंय?"

"गेनू शूर होता म्हणतात."

"ते मला ठावं हाय. राक्षस मेला का पळाला?"

"मेला," मी म्हणालो. खोटे बोलताना मला काहीच वाटले नाही.

त्यांनी मान हलवली आणि महिन्याने प्रथमच स्वतः चूल पेटवली.

गेनू माझ्याच चिठ्ठीवर आपल्याकडे कामाला लागला होता. ते हाड बाळाबाईंकडे मागणे माझ्याने होणार नाही. हाड वाटेत हरवले, असे उद्या आपणांस कळवीन. हे पत्र मात्र माझ्याजवळच राहील.

आपला,
उपेंद्र शिवराम गोरे