ती बघत होती कुणाकडे

मंगळवार, ४ मार्च
आज आमच्या बालकल्याण गटाच्या बैठकीत मी घरभेटीत काढलेली पाच मिनिटांची फिल्म दाखवली. आठ महिन्यांची मुलगी, समोर तिचा बाप. आई गेली तेव्हा ती दोन महिन्यांची होती. बाप खुळखुळा वाजवतोय, तोंडं वेडीवाकडी करतोय — आणि पोर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नजर सारखी उजवीकडे. एरवी आम्ही तिला जज्जीण म्हणतो. निकाल राखून ठेवल्यासारखी बघते सगळ्यांकडे. आज कुणी हसलं नाही.

समुपदेशक म्हणाले, "बापाशी नातं जुळलेलंच नाही." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मावशीने ताबा मागितलाय आणि कोर्टाला या महिनाअखेर आमचं मत हवंय. जवळजवळ ठरलंच — मावशीकडे द्यावं.

काहीतरी खटकत होतं. तरी मी मूग गिळून बसले.

बुधवार, ५ मार्च
फिल्म पुन्हा पाहिली. आठ वेळा! ती खोली मला पाठ आहे. मोबाइल कपाटावर टेकवला होता. उजवीकडे दार. दारात मी.

घरभेटीला गेलेल्या नर्सने बाळ उचलायचं नाही. रडलं तर आईबापालाच घेऊ द्यायचं. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते. पण पहिल्याच भेटीत त्या माणसाच्या अंगावर दोन दिवसांचा शर्ट होता. म्हटलं, "द्या इकडे, तुम्ही आंघोळ उरकून या." तेव्हापासून चार महिने, आठवड्यातून तीनदा. मी भरवलं, मी निजवलं. मला बघून ती हसायची. मला ते फार आवडायचं. लिहून टाकलं एकदाचं.

गुरुवार, ६ मार्च
चोराच्या मनात चांदणं. डॉक्टरीणबाई नुसतं "कशा आहात?" म्हणाल्या तरी मी घाईने फाईल चाळायला लागले.

शुक्रवार, ७ मार्च
घरभेट. बापाने विचारलं, "ताई, फिल्म बरी आली ना? मी नीट खेळलो ना?" टायरच्या दुकानात दिवसभर राबून आलेला, नखांत काळं, तरी बाळाला हात लावण्याआधी साबणाने दोनदा धुतो. पोर किरकिरायला लागली तसं त्याने सवयीने तिला पुढे केलं — "घेता का? तुमच्याकडे लगेच गप्प होते."

घेतली. आजसुद्धा घेतली. लाज वाटली पाहिजे मला.

मंगळवार, ११ मार्च
बैठकीत सांगितलं सगळं. डॉक्टरीणबाई — "नियम तुम्हीच शिकवता ना?" लोका सांगे ब्रह्मज्ञान... खरंच आहे.

पोर दिवसभर असते त्या पाळणाघराच्या ताई हळूच म्हणाल्या, "मीपण तेच करते हो. तो न्यायला आला आणि ही रडत असली तर म्हणते, थांबा, मी शांत करून देते." म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या हातून तिचं रडणं काढून घेतलं होतं. तो शिकणार तरी कधी?

ठरलं — मत थांबवायचं. महिनाअखेरपर्यंत बाप समोर असताना त्याच्याशिवाय कुणी तिला घ्यायचं नाही. तरीही फरक पडला नाही तर मावशीकडे.

शुक्रवार, १४ मार्च
पाऊण तास रडली. हात माझ्याकडे. मी हात मांडीखाली दाबून बसले. बापाने खुळखुळा दिला, दूध दिलं, खिडकीशी नेलं. तो घामाघूम. "ताई, माझ्याच्याने नाही होत." मी म्हटलं, "होतंय. फिरत राहा." शेवटी त्याच्या खांद्यावर झोपली, हुंदके देत. तो उभाच राहिला. बसायला घाबरत होता.

समुपदेशकांना फोन केला. म्हणाले, "आता दोन आठवडे तुम्ही जाऊच नका."

शुक्रवार, २१ मार्च
जायचा दिवस. गेले नाही. कपाट आवरायला काढलं आणि तसंच ठेवलं.

शुक्रवार, २८ मार्च
दार बापाने उघडलं. ती त्याच्या कडेवर. माझ्याकडे बघितलं, खालचा ओठ थरथरला, आणि भोकाड पसरून तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं. मी हाक मारली तशी त्याची कॉलर आणखी घट्ट धरली.

मत तिथेच, जिन्यात बसून लिहिलं — बापाकडेच राहावी. मग तिथेच रडले.

आणि तो बिचारा दारातून माझी माफी मागत होता.