रक्ताला आंघोळ नसते

वनमालेच्या वडिलांस,

मुंबईहून जव्हारला आलात की आंघोळ केल्याशिवाय तुम्ही पिण्याच्या हंड्याला शिवत नाही. रक्ताची तपासणीही तुम्ही आंघोळच समजलात. मुंबईत त्या बाईकडे गेलात, दुसऱ्याच दिवशी रक्त दिलंत आणि “काही निघालं नाही” असं मला फुशारकीनं सांगून माझ्या अंथरुणात आलात.

नाशिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या लवकर गरमी, म्हणजे सिफिलिस, रक्तात दिसतच नाही. सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. तेवढा धीर तुम्हाला नव्हता. आता ती माझ्या रक्तात आहे, आणि मला चौथा महिना आहे.

शनिवारी तुम्ही आलात की दारातच तोंडावर सांगायचंय, म्हणून हे धाडत नाही. आंघोळीचं पाणी तापवलेलं नसेल. आल्या पावली नाशिकला डॉक्टरीणबाईंकडे जा. हंड्याला खुशाल शिवा. मला शिवू नका.

वनमालेची आई